अभियंत्याची चढण : तानसापासून सॉफ्टवेअरपर्यंत

शहापूर तालुक्याला अभियंत्यांच्या हुद्द्यांची ओळख धरणांनी करून दिली. १८९२ मध्ये पूर्ण झालेले तानसा, पुढे वैतरणेवरचे मोडकसागर आणि त्यानंतरचे भातसा यांनी मुंबईची तहान भागवली. धरणकामांच्या सरकारी खात्यात मात्र कनिष्ठ अभियंत्यापासून उपअभियंता, कार्यकारी अभियंता, अधीक्षक अभियंता आणि मुख्य अभियंता अशी जी चढण रूढ झाली, तिच्या शेवटच्या पायरीवरही माणूस नावाने अभियंताच राहिला. मोडकसागर हे नावदेखील मुंबई महापालिकेचे अभियंते एन. व्ही. मोडक यांच्यावरून पडले, आणि जलाशयाला अभियंत्याचे नाव मिळावे ही लहान गोष्ट नव्हे.

संगणकाच्या व्यवसायात ही चढण सहजी तयार झाली नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० मध्ये सुरू झाला, तेव्हा यंत्र बांधणारे आणि त्याची आज्ञावली, म्हणजे यंत्राने क्रमाने करावयाच्या क्रियांची मांडणी, लिहिणारे एकमेकांच्या शेजारीच काम करीत. त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या पंच कार्डावर ८० स्तंभ असत. एका कार्डावर आज्ञावलीची साधारण एक ओळ मावे आणि एक छिद्र चुकले तरी सारा गठ्ठा पुन्हा तपासावा लागे. या शिस्तीत मुरलेल्या माणसाचे मोल त्याच्या हाताखालच्या माणसांवर ठरत नसे.

१९६८ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस स्थापन झाली आणि तिची धुरा वीजक्षेत्रातून आलेल्या एफ. सी. कोहली या अभियंत्याकडे गेली. १९७३ मध्ये अंधेरीत सीप्झ हे निर्यातक्षेत्र उभे राहिले. परदेशी कामाचा मोबदला माणसे आणि तास यांवर ठरू लागला, तशी प्रोग्रॅमर, सिस्टीम अॅनालिस्ट, प्रोजेक्ट लीडर, प्रोजेक्ट मॅनेजर ही वाट रुळली; तिच्यावर वर जायचे तर कोड लिहिणे सोडावे लागे. या व्यवसायाचे खरे नुकसान इथेच झाले, कारण एखाद्या प्रणालीतील दोष ओळखायला जी वर्षे खर्ची पडतात, ती पुरी होण्याआधीच उत्तम प्रोग्रॅमर हजेरी आणि वेळापत्रकात गुंतला.

तांत्रिक कामातच राहून पुढे जाण्याची दुसरी वाट पुण्यात दिसली. कोहलींच्याच पुढाकाराने १९८१ मध्ये तेथे टाटांचे संशोधन केंद्र निघाले, आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात जन्मलेल्या विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक उभारला. आता अनेक कंपन्यांत व्यवस्थापनाशेजारी तांत्रिक श्रेणीही असते. तीत संपूर्ण प्रणालीची रचना ठरवणारा आर्किटेक्ट आणि अनेक गटांचे तांत्रिक निर्णय पेलणारा प्रिन्सिपल इंजिनिअर ही वरची पदे होत.

आसनगाव किंवा खर्डीहून पहाटेची कसारा लोकल पकडणाऱ्या, आणि रेल्वेच नसल्याने मुरबाडहून आधी एसटीने कल्याण गाठणाऱ्या तरुण अभियंत्यांनी पहिली नोकरी घेताना पगाराबरोबर एवढे अवश्य विचारावे : या कंपनीत वीस वर्षे कोड लिहिणारा माणूस आज कोणत्या पदावर आहे?