पितळेचं बोट

2021 च्या पावसाळ्यात मी घरून काम करत होतो, म्हणजे इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावी होतो. त्याच वर्षी ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतः रानात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि मोबाइलवरून सातबाऱ्यावर नोंद करायची. अण्णांनी उसाचा फोटो नीट काढला. शेवटचं बटण तेवढं दाबलं जाईना. एकदा, दोनदा, चारदा. "आरं, ह्यो फोन माझं ऐकतच न्हाई," म्हणत त्यांनी तो माझ्याकडे दिला. माझ्या बोटानं पहिल्या झटक्यात काम झालं. अॅपची काही चूक नव्हती, रेंजही होती. अण्णांनी हात लेंग्याला पुसला, जणू दोष त्यांच्याच बोटाचा होता.

मला आतून शरम वाटली. कारण फोनच्या पडद्यामागची जी चिप बोट ओळखते, तिचं सॉफ्टवेअर लिहिणं हीच माझी नोकरी आहे.

हा पडदा दाब ओळखत नाही. काचेखाली पारदर्शक वाहकाच्या उभ्या-आडव्या रेघांची जाळी असते. दोन रेघा जिथे एकमेकींवरून जातात तिथे एक चिमुकला कपॅसिटर तयार होतो. बोट जवळ आलं की थोडा विद्युतभार शरीराकडे वळतो आणि त्या जागची धारिता घटते. किती? एका पिकोफॅरडच्या काही अंशाएवढी. आणि पिकोफॅरड म्हणजे फॅरडचा एक लाख कोटीवा भाग. रेघांमध्ये चार-पाच मिलिमीटर अंतर असूनही बोटाची जागा मिलिमीटरपेक्षा बारीक सांगता येते, कारण आजूबाजूच्या बिंदूंवरची घट मोजून तिचा मध्य काढला जातो. पण त्याआधी एक उंबरठा असतो. घट त्याच्यावर गेली तर ते बोट. खाली राहिली तर चार्जरची खरखर, हवेतला बदल, काहीतरी फालतू. अण्णांचं बोट उंबरठ्याच्या खाली राहत होतं. माझ्यासारख्या कुणीतरी लिहिलेल्या एका आकड्यानं त्यांना 'फालतू'त टाकलं होतं.

तो आकडा आला कुठून, हे शोधताना मी या पडद्याचा इतिहास वाचत गेलो. 1965 साली इंग्लंडमधल्या मालव्हर्नच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी बोटानं चालणाऱ्या पडद्याची कल्पना मांडली. ती हवाई वाहतूक नियंत्रणासाठी होती: पडद्यावर ठरावीक जागी तांब्याच्या तारा, आणि बोट लागलं की नाही एवढाच प्रश्न. 1972 मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत बेंट स्टुम्पे या डॅनिश अभियंत्यानं नव्या प्रोटॉन त्वरकाच्या नियंत्रण कक्षासाठी असाच पडदा सुचवला. त्यावर 16 ठरलेली बटणं होती. 1976 मध्ये तो त्वरक सुरू झाला, तोही असे पडदे घेऊन. या दोन्ही ठिकाणी बोट होतं ते छपराखाली बसून काम करणाऱ्या प्रशिक्षित माणसाचं.

पुढे अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठातल्या वेन वेस्टरमन यांचे हात टायपिंगनं दुखू लागले. जोर न लावता नुसत्या स्पर्शानं काम व्हावं म्हणून ते अनेक बोटं एकाच वेळी ओळखणाऱ्या पृष्ठभागाच्या मागे लागले. जॉन इलायस यांच्यासोबत त्यांनी 1998 मध्ये फिंगरवर्क्स ही कंपनी काढली, 2005 मध्ये ती अॅपलनं घेतली आणि 2007 मध्ये आयफोन आला. या गोष्टीतला मला आवडणारा भाग एवढाच, की इथे सुधारणेची सुरुवात एका दुखऱ्या हातापासून झाली.

मग आमच्या प्रयोगशाळेत काय होतं? तिथे एक यंत्र पडद्यावर बोट टेकवतं. ते बोट पितळेचं असतं. आठ मिलिमीटर व्यासाची गुळगुळीत दांडी, टोक सपाट, काचेला पूर्ण चिकटणारं. अचूकतेचे आमचे सगळे आकडे या बोटाचे. त्याला घट्टा पडत नाही, भेगा पडत नाहीत. अण्णांच्या तर्जनीवर खुरपं, पाचट आणि उसाच्या कुसळांनी चाळीस वर्षांत चढवलेला कोरडा, जाड थर आहे. धारिता अंतराबरोबर घटते. त्यांचं जिवंत बोट त्या थरामागे, काचेपासून लांब राहतं.

म्हणजे तो कातडीचाच हातमोजा. आणि हातमोज्याचा प्रश्न जगानं आधीच सोडवला होता! 2012 च्या नोकिया लुमिया 920 चा पडदा हातमोजे घालूनही चालत असे. फिनलंडच्या थंडीची जाणीव असलेल्यांना ते सुचलं. घट्ट्यांची जाणीव असलेला मी त्या खोलीत असूनही गप्प होतो.

नंतर एकदा अण्णांसोबत बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात गेलो. जमिनीतली ओल मोजणारे अनेक सेन्सर याच तत्त्वावर चालतात: विद्युतक्षेत्राला पाण्याचा प्रतिसाद सुमारे 80, कोरड्या मातीचा 3 ते 5. सेन्सरचं बोलणं निघाल्यावर अण्णांनी एकच विचारलं, "पर ह्येला आमच्या रानाची माती दावली का?" नीरेच्या कालव्याखाली क्षारपड रानं पाहिलेल्या माणसाचा हा प्रश्न. खारट काळ्या मातीत परक्या मातीवर बेतलेला आकडा चुकतो. मातीसाठी आपण हे मान्य करतो, मग बोटासाठी का नाही?

उंबरठा नुसता खाली आणून भागत नाही. मग ठिबकचा एक थेंबही बोट ठरतो. पण प्रत्येक रेघेची जमिनीच्या सापेक्ष धारिता वेगळी मोजली, तर फरक कळतो. काचेवरचा सुटा थेंब तिथे जवळजवळ दिसत नाही, कारण तो जमिनीशी जोडलेला नसतो. माणूस जोडलेला असतो. दोन्ही मोजमापं ताडून पाहिली की घट्ट्यामागचं बोटही थेंबापासून वेगळं काढता येतं. कारखान्यावरच्या आणि बांधकामावरच्या माणसांची बोटं चाचणीत घ्यावीत, असं मी टीममध्ये मांडलं. चर्चा अजून चालू आहे.

तोवर अण्णांनी त्यांचा उपाय काढलाय. बटण दाबण्याआधी ते बोट जिभेला लावतात, पूर्वी नोटा मोजताना लावायचे तसं. ओल्या कातडीनं काम होतं. मला मात्र दर वेळी वाटतं, जुळवून घ्यायचं काम आमच्या चिपचं होतं.