घोंगडं आणि सामरी

परवा रात्री आमच्याकडे तासभर लाईट गेले. पुतण्या राहायला आला होता. वय वर्षं सात. "काका, दार लावू नका हं," एवढंच म्हणाला. दिवसभर घर डोक्यावर घेणारा हाच का तो, असं वाटलं आणि मला एकदम आमचा जुना वाडा आठवला.

साल १९९३, मे महिन्याची सुट्टी. घरमालकांकडे भाड्याने व्हीसीआर आणला होता. अख्खा वाडा सतरंजीवर. मोठ्या माणसांनी 'पुरानी' म्हणून आणलेली कॅसेट निघाली 'पुराना मंदिर'! मग काय, कोणीच उठलं नाही. सिनेमा संपल्यावर चौक ओलांडून आमच्या खोलीत जायचं, तर जिन्यात चाळीसचा एक पिवळा बल्ब आणि संडास पार मागे, परसात.

हे रामसे लोक म्हणजे मोठं मजेशीर प्रकरण. वडील फत्तेहचंद रामसे मूळचे कराचीचे, तिथे रेडिओचं दुकान. फाळणीनंतर मुंबईला आले. सात मुलगे. १९७० साली त्यांनी 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' काढला, तो आपटला. पण पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात त्या प्रसंगाला लोक घाबरत होते, हे मुलांच्या लक्षात आलं. मग नुसती भीतीच का विकू नये?

१९७२ चा 'दो गज जमीन के नीचे' त्यांनी आपल्या महाबळेश्वरला केला. सगळं कुटुंब तिथेच मुक्कामाला. सुमारे साडेतीन लाखांत आणि चाळीसेक दिवसांत काम खलास. तुलसी आणि श्याम दिग्दर्शक, गंगू कॅमेऱ्यावर, किरण आवाजाचं बघणार, कुमार लिहिणार. कारखानाच म्हणा ना. 'पुराना मंदिर'साठी (१९८४) सेट उभारण्याऐवजी मुरूडचा नवाबाचा राजवाडा गाठला. त्यातला सामरी झालेले अनिरुद्ध अगरवाल रुरकीला शिकलेले सिव्हिल इंजिनियर! उंची आणि चेहरा असा, की निम्मा मेकअप देवानेच करून पाठवलेला. त्याच १९९३ मध्ये 'झी हॉरर शो' आला आणि ही मंडळी थेट घराघरात शिरली.

त्यांचे सिनेमे आज बघितले तर हसू येतं. पण एक गोष्ट त्यांना पक्की कळली होती. अंधाराला पैसे पडत नाहीत. थोडं धुकं, करकरणारं दार, कोणाचा तरी श्वास. राक्षस जितका उशिरा दाखवाल तितका मोठा होतो. बाकीचं काम बघणारा स्वतःच करतो, तेही फुकट.

ही युक्ती त्या सुट्टीत मीही शिकलो. मी बारा वर्षांचा, धाकटा सहाचा. एका रात्री तो परसात गेला, तेव्हा मी आजीचं घोंगडं डोक्यावरून घेऊन भिंतीआड उभा राहिलो. ओरडलो वगैरे नाही. फक्त मोठमोठ्याने श्वास घेतला.

तो किंचाळलासुद्धा नाही. चप्पल तिथेच टाकून पळाला. "सामरी आला होता," असं दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगत होता. वाडा हसला. मीही हसलो. पुढे कित्येक महिने तो रात्री अंथरूण ओलं करायचा आणि बोलणी खायचा. मी शेजारच्याच अंथरुणात जागा असायचो. एका शब्दाने बोललो नाही.

रामशांकडे जाणारा माणूस तिकीट काढून घाबरायचा. शेवटी सामरी मरणार आणि थिएटरातले दिवे लागणार, हे त्याला माहीत असायचं. धाकट्याने तिकीट काढलं नव्हतं. आणि त्याचे दिवे कोणी लावलेच नाहीत.

तुलसी रामसे २०१८ ला गेले, श्याम २०१९ ला. वाडा तर कधीच पडला. आता तिथे बिल्डिंग आहे, संडास घरातच.

असो. अरे, तू हे वाचतोसच. भिंतीआड मीच होतो. घोंगडं आजीचं होतं. इतकी वर्षं सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.

आणि तुझा लेक मजेत आहे. लाईट आल्यावर लगेच झोपला. दार मी उघडंच ठेवलं.