स्टँडर्ड हेरल्ड : सुटे भाग आणि सल्ला कोठे मिळेल?

जुन्या मोटारींमध्ये एमजी आणि जग्वारला जे कौतुक मिळते, ते स्टँडर्ड हेरल्डच्या वाट्याला क्वचितच येते. वास्तविक ही गाडी ट्रायम्फ स्पिटफायर या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची सख्खी बहीण होय. इटालियन आरेखक जिओव्हानी मिकेलोत्ती यांनी रेखाटलेली हेरल्ड १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये आली. तिचीच चासी आखूड करून ट्रायम्फने १९६२ मध्ये स्पिटफायर सादर केली. मद्रासच्या 'स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया'ने १९६१ पासून ९४८ सीसी इंजिनाची हेरल्ड भारतात बनविली. तिचे मागील स्विंग अॅक्सल सस्पेंशन येथील ग्राहकांना आणि मेकॅनिकांना रुचले नाही. त्यामुळे १९७२ च्या 'गझेल'मध्ये एकसंध अॅक्सल देण्यात आला. गझेलचे उत्पादन १९७७ मध्ये थांबले.

कारखान्याचा आधार उरला नसला, तरी स्पिटफायरशी असलेल्या नात्यामुळे या गाडीची वाट बंद झालेली नाही.

खरेदीपूर्वी

पालघर, बोईसर-तारापूरच्या खाऱ्या, दमट हवेत पत्रा लवकर गंजतो. हेरल्डची बॉडी स्वतंत्र चासीवर बोल्टने बसविलेली असल्याने एकेक भाग सुटा करता येतो. मात्र चासीच सडलेली असल्यास खर्च हाताबाहेर जातो. म्हणून गाडी उचलून चासीचे आडवे हात आधी तपासावेत. त्यानंतर क्लच दाबून इंजिनाची पुढील पुली सरकते का, ते पाहावे. ती लक्षणीय सरकत असल्यास क्रँकशाफ्टचे थ्रस्ट वॉशर झिजलेले असतात. ते गळून पडल्यास इंजिन ब्लॉक निकामी होऊ शकतो.

सुटे भाग

मुंबईत ऑपेरा हाउस परिसर, कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार येथे शोध घेता येतो. ब्रिटनमधील 'रिमर ब्रदर्स'सारखे विक्रेते ट्रायम्फचे नवे भाग पाठवितात. किमतीत वाहतूक आणि सीमाशुल्क धरावे. हेरल्ड आणि स्पिटफायरचे सर्व भाग एकमेकींना बसत नाहीत. त्यामुळे मागणी करताना चासी व इंजिन क्रमांक द्यावा आणि जुन्या भागाचे माप पडताळावे. सल्ल्यासाठी हेरल्ड, स्पिटफायर, व्हिटेस आणि जीटी ६ या गाड्यांना वाहिलेला ब्रिटनमधील 'ट्रायम्फ स्पोर्ट्स सिक्स क्लब' उपयुक्त ठरतो.

बुश, स्पेसर, ब्रॅकेट यांसारखे साधे भाग नमुना देऊन लेथवर बनवून घेता येतात. औद्योगिक पट्ट्यातील रहिवाशांना ही सोय जवळच मिळते. गाडीवरील आटे इंची मापाचे आहेत, हे कारागिराला आधी सांगावे. ब्रेक आणि स्टिअरिंगचे भाग मात्र नवे, तयारच घ्यावेत.

दुरुस्तीतील खबरदारी

पुढील चाकाच्या ट्रनियनमध्ये ग्रीस नव्हे, तर ईपी ९० गिअर ऑइल घालावे. तेलाअभावी तेथील उभा दांडा झिजून तुटतो आणि चालत्या गाडीचे चाक कोलमडते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या कमकुवत होतात. त्या ताज्या इंधनाला टिकणाऱ्या प्रकारच्या बसवाव्यात. बॅटरी जोडण्यापूर्वी गाडीचे अर्थिंग पॉझिटिव्ह आहे की निगेटिव्ह, याची खात्री करावी.

नोंदणी

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपातील दुचाकी व चारचाकी वाहनांना 'व्हीए' मालिकेचा क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून मुदत दहा वर्षांची आहे. असे वाहन प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी नाही. पालघर जिल्ह्याचे वाहन नोंदणीचे काम वसईच्या एमएच ४८ कार्यालयाकडे आहे.

चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेली गाडी या सवलतीस पात्र ठरत नाही. त्यामुळे सोयीसाठी दुसऱ्या गाडीचे इंजिन बसविण्याचा मोह टाळावा, मूळ इंजिन जपावे आणि नोंदणीपुस्तकातील क्रमांक प्रत्यक्ष गाडीशी जुळल्याखेरीज पैसे देऊ नयेत.