किटण खरवडण्याची कुळकथा

खालच्या पुढच्या दातांमागे जीभ फिरवली की अनेकांना खरखरीत कड लागते. जिभेखालच्या लाळग्रंथींच्या नळ्या तिथेच उघडतात. लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट दातांवरच्या जिवाणूंच्या थरात मुरतं आणि त्या मऊ थराचा दगड होतो. हेच किटण. हिरड्यांच्या आजारावर आज गोळ्या आहेत, शस्त्रक्रिया आहेत, हाडाची भर घालण्याची सोयही आहे. पण त्या सगळ्याआधी डॉक्टर हे किटण खरवडून काढतात. हे काम फार जुनं आहे. ते का करायचं, हे मात्र अगदी अलीकडे नीट कळलं.

सुश्रुतसंहितेत हिरड्यांच्या रोगांची वेगळी यादी आहे. त्यातल्या शीतादात हिरड्या मऊ पडून त्यांतून रक्त येतं, तर उपकुशात दात हलू लागतात. किटणाला तिथे दंतशर्करा म्हटलं आहे. हिरडीला इजा होऊ न देता ती काढावी आणि मग लाखेचं चूर्ण मधातून लावावं, असा उपाय दिला आहे. त्यासाठी दंतशंकू नावाचं शस्त्रही आहे. पण शर्करा दातांच्या रोगांत मोजली आहे आणि रक्त येणाऱ्या हिरड्या दुसऱ्या यादीत.

दोन्हींचा धागा ठळकपणे जुळलेला दिसतो तो इसवी सन 1000च्या सुमारास, स्पेनमधल्या कॉर्डोबाजवळ. अल-झहरावी या शल्यवैद्यानं आपल्या 30 भागांच्या वैद्यकीय ग्रंथात लिहिलं, की दातांवर साचलेल्या खरखरीत थराची घाण हिरड्यांत उतरते. खरवडण्यासाठी त्यानं 14 हत्यारं सांगितली. दाताच्या आतल्या बाजूचं वेगळं, बाहेरच्या बाजूचं वेगळं, दोन दातांच्या फटीतलं आणखी वेगळं. रोग्याचं डोकं मांडीवर घ्यावं आणि खरवडावं. एका बैठकीत निघालं नाही तर पुढच्या दिवशी पुन्हा बसावं, पण काही शिल्लक ठेवू नये. हा शेवटचा आग्रह मला त्या 14 हत्यारांहूनही मोलाचा वाटतो. किटण अर्धवट काढून हिरडीला फारसा उपयोग होत नाही, हे आजचा दंतवैद्यही रोग्याला कळकळीनं सांगत असतो.

पॅरिसच्या पिएर फोशारनं 1728 साली दंतवैद्यकावर दोन खंडांचा ग्रंथ काढला. त्याच्याही संचात खरवडण्याची हत्यारं होती. त्यातलं एक पोपटाच्या चोचीच्या आकाराचं.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी जॉन रिग्ज हा दंतवैद्य होता. डिसेंबर 1844 मध्ये नायट्रस ऑक्साइड वायू हुंगलेल्या आपल्या सहकाऱ्याचा, होरेस वेल्सचा, दात त्यानं वेदनेविना काढला. भूल देण्याच्या इतिहासात हा प्रसंग कायमचा नोंदला गेला आहे. हिरड्यांच्या बाबतीतही रिग्जचं ऋण तितकंच मोठं आहे. सुजलेली हिरडी कापून टाकण्याच्या प्रथेला त्यानं विरोध केला. दोष दाताला चिकटलेल्या घाणीत आहे, तेव्हा हिरडीखाली जाऊन मूळ स्वच्छ करा, असं तो ठासून सांगे. आपण ज्याला पायोरिया म्हणतो, त्याला अमेरिकेत बराच काळ ‘रिग्जचा आजार’ म्हणत.

मग गाडी रुळावरून घसरली. 1910 साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरनं माँट्रियलमध्ये भाषण देऊन तोंडातल्या पुवाला शरीरभरच्या दुखण्यांचं मूळ ठरवलं. पुढची काही दशकं सांधेदुखीसाठीसुद्धा दात सरसकट उपटले गेले. वाचवता येण्यासारखे किती दात त्यात गेले असतील, या विचारानं आजही हळहळ वाटते.

रोगाचं खरं कारण पुराव्यानिशी हाती आलं 1965 साली, डेन्मार्कमधल्या ऑर्हूस इथे. हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर काही दिवसांत पूर्ववत झाल्या. म्हणजे हिरडीला सूज आणतो तो जिवाणूंचा मऊ थर. किटण त्या थराला घट्ट आसरा देतं. याच लो यांनी श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या 480 मजुरांना 1970 पासून पंधरा वर्षं तपासलं. दात घासण्याची सवय किंवा दंतवैद्याची सोय तिथे नव्हती. तरी सुमारे 11 टक्के लोकांचा आजार हिरडीच्या सुजेपुढे गेला नाही, आणि 8 टक्क्यांचे दात मात्र झपाट्यानं गेले. शरीराचा वाटाही मोठा असतो, हे त्यातून दिसलं. मधुमेह आणि तंबाखू हा वाटा आणखी बिघडवतात. आपल्याकडे मशेरी लावणाऱ्या बायका ‘माझ्या हिरड्यांतून कधी रक्त येत नाही’ असं सांगतात, तेव्हा काळजी वाटते. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि रोगाची खूण दबून राहते.

पाण्याचे तुषार उडवत सेकंदाला 25 ते 30 हजार वेळा थरथरणारं यंत्र आलं 1950च्या दशकात. त्याची कल्पना दात कोरण्यासाठी पुढे आली होती. कोरण्यात वेगवान टर्बाइननं त्याला मागे टाकलं आणि खरवडण्यात ते टिकलं. हातातलं हत्यार काय किंवा यंत्र काय, काम नीट केलं तर गुण सारखाच येतो.

‘सफाई केल्यानं दात हलायला लागतात’ ही भीती मात्र यंत्राच्याही पुढे टिकून आहे. हाड आधीच झिजलेलं असतं आणि किटणाच्या ढिगानं दात एकमेकांना जखडलेले असतात. तो ढीग निघाला, सूज उतरली, की फटी दिसतात, हलणं जाणवतं. हिरडी आणि दात यांच्यामधली खाच 3 मिलिमीटरपर्यंत असली तर सहसा साधी सफाई पुरते. त्याहून खोल असेल तर भूल देऊन मुळं साफ करतात. काही आठवड्यांनी पुन्हा मोजून खाच खोलच राहिलेली दिसली, तरच हिरडी उघडून शस्त्रक्रिया करतात. प्रतिजैविकाच्या गोळ्या या कामाच्या जोडीला असतात, बदली नव्हेत. आणि आजार एकदा झालेल्या माणसाला बहुधा दर 3 महिन्यांनी परत बोलावतात, कारण खोल खाचेत जिवाणू काही आठवड्यांतच पुन्हा वस्ती करू लागतात.