डेल्सफर्डचा वाडा

जुन्या वाड्यांच्या विक्रीच्या जाहिराती वाचण्याचा एक स्वतंत्र नाद असतो. इंग्लंडांत १८९७ सालीं निघालेल्या ‘कंट्री लाइफ’ या साप्ताहिकानें तो नाद तेथील सुशिक्षितांस चांगलाच लावला. अमुक परगण्यांतील प्राचीन मॅनर-गृह विकणें आहे. दिवाणखाने इतके, शयनगृहें इतकीं. भिंतींनीं वेढलेला भाजीमळा, तळें, जुने ओक वृक्ष, सभोंवार कुरणें, असें तें वर्णन चालतें. विकत घेण्याची ऐपत नसलेले लोकच तें अधिक आवडीनें वाचीत असावेत. मात्र इतिहासाच्या अभ्यासकास ज्या दोन गोष्टी हव्या असतात, त्या अशा जाहिरातींत कधींच सांपडत नाहींत: ज्यानें तें घर उभारलें त्याजपाशीं पैसा कोठून आला, आणि ज्यानें तें विकलें त्याच्यावर तशी पाळी कां आली. इंग्लंडांतील एका वाड्यापुरतीं या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें आपणांस देतां येतात, कारण त्यांपैकीं पहिलें उत्तर हिंदुस्थानांत आहे. तो वाडा म्हणजे वॉरन हेस्टिंग्जचें डेल्सफर्ड.

‘मॅनर’ या शब्दास आपला ‘वाडा’ हा शब्द खरोखर अपुरा पडतो. मॅनर म्हणजे नुसतें घर नव्हे. घराबरोबर शेतजमीन व कुळें आलीं, गांवांतील किरकोळ तंट्यांचा निवाडा करणारी मालकाची कचेरी आली, आणि पुष्कळ ठिकाणीं गांवच्या चर्चवर उपाध्याय नेमण्याचा हक्कही आला. आपल्या पाटिलकीच्या वतनाशीं त्याचें साम्य अधिक. भेद इतकाच, कीं आपल्याकडे वतन विकावें लागणें हा कुळास बट्टा समजत आणि तें टिकविण्यासाठीं भाऊबंद पिढ्यान्‌पिढ्या कज्जे खेळत. इंग्लंडांत मात्र रोख पैसे मोजून कोणाही व्यापाऱ्यास मॅनरचा धनी होतां येई, आणि त्याचा नातू तर जन्मतःच खानदानी गणला जाई.

डेल्सफर्ड हें इव्हनलोड नदीच्या खोऱ्यांतील अगदीं लहान खेडें. परगण्याच्या मुख्य भागापासून तुटलेला वुस्टरशरचा एक तुकडा म्हणून तें १९३१ पर्यंत गणलें जाई. त्या वर्षीं तें ग्लॉस्टरशरांत घातलें गेलें. हेस्टिंग्ज घराणें तेथें कित्येक शतकें नांदत होतें. सतराव्या शतकांतील यादवींत त्या वेळच्या धन्यानें पहिल्या चार्ल्स राजाचा पक्ष घेतला आणि मिळकतीचा मोठा भाग गमावला. पुढें कर्ज वाढत गेलें, घराची डागडुजी होईना, आणि १७१५ सालीं जेकब नाइट नांवाच्या व्यापाऱ्यास मॅनर विकलें गेलें. विकणाऱ्याचा एक मुलगा त्याच गांवच्या चर्चचा उपाध्याय होता. वाडा गेला, उपाध्येपण तेवढें उरलें. उत्पन्न थोडें, त्यांत नव्या धन्याशीं धर्मादायाच्या दशमांशावरून दावे सुरू झाले, आणि हा बिचारा पुरता बुडाला. वॉरन हेस्टिंग्ज त्याचा नातू.

त्याचा जन्म ६ डिसेंबर १७३२ रोजीं शेजारच्या चर्चिल गांवीं झाला. आई बाळंतपणानंतर लवकरच वारली. बाप मुलास आजोबांच्या पदरांत टाकून निघून गेला व वेस्ट इंडीजमध्यें मेला. कुणब्यांच्या मुलांबरोबर गांवच्या शाळेंत बसणाऱ्या या पोरास रोज डोळ्यांपुढें दिसत होतें तें पूर्वजांचें शेत आणि परक्याचा वाडा. सात वर्षांचा असतां एके दिवशीं ओढ्याच्या कांठीं पडल्या पडल्या त्यानें मनाशीं ठरविलें, कीं हें सारें आपण परत मिळवूं. ही हकीकत उतारवयांत तो स्वतः सांगत असे, आणि मेकॉलेनें १८४१ सालच्या आपल्या निबंधांत ती अशी कांहीं रंगविली कीं पुढें इंग्लंडांतील शाळकरी मुलांसही ती पाठ झाली. सत्तर वर्षांनंतर सांगितलेली बालपणाची आठवण जशीच्या तशी खरी असते असें नाहीं. पण या गृहस्थाचें पुढील वर्तन पाहिलें म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवण्याचें कारणही दिसत नाहीं.

१७५० सालीं, सतराव्या वर्षीं, तो कंपनीचा कारकून म्हणून बंगालला निघाला. १७७२ मध्यें बंगालचा गव्हर्नर आणि रेग्युलेटिंग ॲक्टान्वयें पहिला गव्हर्नर जनरल होऊन १७८५ च्या आरंभीं त्यानें कलकत्ता सोडलें. त्याची मधली कारकीर्द आपल्या वाचकांस परिचित आहे. वडगांव आणि सालबाई हीं नांवें महाराष्ट्रास नव्यानें सांगावयास नकोत. स्वदेशीं परतल्यावर त्यानें पहिली खटपट केली ती डेल्सफर्डची. नाइट घराणें सहजीं विकावयास तयार होईना, म्हणून मधल्या काळांत त्यानें विंडसरजवळ बोमाँट नांवाचें घर घेतलें, पण मन तेथें रमलें नाहीं. अखेर १७८८ सालीं सौदा पटला. याच वर्षाच्या फेब्रुवारींत वेस्टमिन्स्टर हॉलमध्यें लॉर्डांच्या सभेपुढें त्याच्यावरील खटल्यास आरंभ झाला होता. एका हातानें वकिलांचीं देणीं आणि दुसऱ्या हातानें गवंड्यांचीं, असा क्रम पुढें कित्येक वर्षें चालला.

घराचा आराखडा सॅम्युएल पेपीस कॉकरेल या शिल्पज्ञानें केला. पिवळसर दगडाची ही इमारत घडणीनें अभिजात यूरोपीय पद्धतीची आहे. मात्र बागेकडील बाजूस मध्यभागीं अर्धगोल पुढें आलेला भाग आणि त्यावरील घुमट पाहिला म्हणजे मालक कोठून आला तें ध्यानांत येतें. याच कॉकरेलनें पुढें थोड्याच मैलांवर सेझिनकोट येथें आपल्या भावासाठीं मोगली थाटाचें घर बांधलें, आणि तें पाहून गेलेल्या राजपुत्राच्या ब्रायटन येथील महालावर घुमट चढले. या साऱ्याची पहिली पुसट छटा डेल्सफर्डला आहे. आंत टॉमस बँक्स या मूर्तिकारानें हिंदी स्त्रियांच्या आकृती कोरलेली संगमरवरी शेकोटी केली. भिंतींवर विल्यम हॉजिसनें काढलेलीं गंगाकांठचीं दृश्यें लागलीं. हॉजिस हा हेस्टिंग्जच्याच आश्रयानें हिंदुस्थानांत हिंडला होता.

बागेची कथा त्याहून मनोरंजक आहे. जॉन डेव्हनपोर्ट या उद्यानकारानें ओढा अडवून तळीं केलीं, कृत्रिम धबधबा रचला, आणि नारिंगाचीं झाडें हिंवाळ्यांत ठेवण्यासाठीं गॉथिक कमानींचें कांचगृह उभारलें. मालकाचा हव्यास एवढ्यावर भागला नाहीं. बंगालची लिची वुस्टरशरच्या मातींत रुजते कीं काय, हें त्यानें पाहिलें. ती रुजली नाहीं. ज्यांच्या लोंकरीवर काश्मीरच्या शाली होतात त्या तिबेटी बकऱ्या त्यानें आणविल्या. त्यांची पैदासही झाली नाहीं. तिबेटांत पाठविलेल्या सॅम्युएल टर्नरनें त्याजसाठीं दोन वनगाई जहाजावर चढविल्या. त्यांपैकीं नर तेवढा जिवंत पोंचला. चवरीचे केंस ज्याच्या शेपटीचे, तोच हा प्राणी. इंग्लंडच्या कुरणांत उभा असलेला तो बैल जॉर्ज स्टब्स या प्रसिद्ध चित्रकारानें १७९१ सालीं रंगविला. लहानपणीं ज्या गांवासाठीं झुरला त्या गांवांत आल्यावर या मनुष्यास बंगालची आठवण छळूं लागली, हें पाहून त्याच्याविषयीं थोडी माया वाटल्यावांचून राहत नाहीं.

पण पैशाचा प्रश्न मायेनें सुटत नाहीं. खटल्याचा निकाल लागण्यापूर्वींच या वाड्यावर व बागेवर चाळीस हजार पौंडांहून अधिक रक्कम खर्ची पडली होती, असें मेकॉले लिहितो. क्लाइव्हच्या मानानें पाहिलें तर हेस्टिंग्ज हा लोभी खासच नव्हता. त्याच्या हाताखालून गेलेल्या खजिन्यांच्या मानानें त्यानें स्वतःपुरतें थोडेंच ठेवलें, हें त्याचे टीकाकारही मान्य करतात. गव्हर्नर जनरलचा कायदेशीर पगारच सालीना पंचवीस हजार पौंड होता. आक्षेप आहे तो येथेंच. लूट कायद्यांत बसली म्हणजे ती कोणाच्या घरांतून निघाली हा प्रश्न संपत नाहीं. १७७० च्या दुष्काळांत बंगालची निदान एक तृतीयांश प्रजा नाश पावली, आणि तरीही १७७१ चा निव्वळ वसूल १७६८ च्या वसुलाहून अधिक भरला, हें डायरेक्टरांस नोव्हेंबर १७७२ च्या पत्रांत कळविणारा अधिकारी खुद्द हेस्टिंग्जच होता. वसूल कसा भरला तें त्यास ठाऊक होतें; बळजोरीनें जुन्या मानावर राखला म्हणून, असा त्याच्या लिहिण्याचा आशय आहे. मेलेल्यांचा सारा जिवंत राहिलेल्यांकडून घेतला गेला. त्याच साऱ्यांतून पुढें त्याचा पगार निघाला, आणि पगारांतून तळीं, धबधबा व नारिंगांचें कांचगृह.

या हिशेबांत आपल्याही इतिहासाचा एक आंकडा आहे. १७७५ पासून १७८२ पर्यंत मराठ्यांशीं चाललेल्या युद्धानें, आणि पुढें हैदराच्या स्वारीनें, कंपनीचा खजिना रिकामा केला. नाना फडणिसांचा पाडाव होईना, महादजी शिंद्यांशीं गोडीनें घ्यावें लागलें, आणि फौजांचा पगार मात्र दरमहा थकत चालला. तेव्हां हेस्टिंग्जची दृष्टि बनारसच्या चेतसिंगाकडे वळली. ठरलेल्या खंडणीवर १७७८ पासून पांच लाखांची जादा मागणी, आणि १७८१ मध्यें पन्नास लाख दंडाचा बेत. त्यांतून बनारसला दंगा उसळला आणि गव्हर्नर जनरलास रातोरात चुनारला पळून जावें लागलें. मग पाळी अयोध्येच्या बेगमांची आली. बर्कनें वेस्टमिन्स्टर हॉलमध्यें जें गरळ ओकलें त्याचा बराच भाग या दोन प्रकरणांविषयीं आहे. पुण्याच्या कारभाऱ्यांनीं इंग्रजांस सात वर्षें झुंजविलें त्याची किंमत बनारसनें व फैजाबादेनें भरली, असें म्हटल्यास तें चुकीचें होणार नाहीं.

डेल्सफर्डच्या दिवाणखान्यांत एक सामान असें होतें कीं त्याजपाशीं पाहुण्यानें क्षणभर थबकावें. मुर्शिदाबादच्या कारागिरांनीं घडविलेलीं तीं हस्तिदंती आसनें मणी बेगमेनें हेस्टिंग्जच्या पत्नीस नजर केलेलीं होतीं. मीर जाफरच्या या विधवेस हेस्टिंग्जनें १७७२ मध्यें अल्पवयी नबाबाची पालक नेमलें. तिच्याकडून त्यानें पैसे खाल्ले असा आरोप महाराजा नंदकुमारानें १७७५ मध्यें केला, आणि त्याच वर्षाच्या ५ ऑगस्टला नंदकुमार बनावट दस्तऐवजाच्या जुन्या आरोपाखालीं कलकत्त्यास फांसावर चढला. बर्कनें सारी भाषा खर्चून जें सिद्ध होईना, त्याविषयीं त्या खुर्च्या निमूटपणें कांहीं तरी सांगत असल्या पाहिजेत.

खटला २३ एप्रिल १७९५ रोजीं संपला. हेस्टिंग्ज सर्व कलमांतून निर्दोष सुटला, पण बचावाचा खर्च सत्तर हजार पौंडांच्या वर गेला होता आणि पदरीं उरलें होतें तें डेल्सफर्ड व कर्ज. कंपनीनें त्यास सालीना चार हजार पौंडांची नेमणूक करून दिली, आणि शिवाय पन्नास हजार पौंड बिनव्याजी कर्ज दिलें. म्हणजे वाडा पुन्हा एकदा वांचला तो बंगालच्या महसुलावर. तरीही तंगी पुरती सरली नाहीं. मोठ्या घराची गोष्ट अशी कीं तें बांधून झालें म्हणजे खर्च थांबत नाहीं. तो तेव्हां कोठें सुरू होतो.

त्यानंतरचीं तेवीस वर्षें तो तेथें राहिला. शेती पाहावी, घोड्यावर रपेट करावी, सकाळीं पाहुण्यांस आपल्या कविता वाचून दाखवाव्या. १८१३ सालीं कंपनीच्या सनदेच्या चौकशींत साक्ष देण्यास तो कॉमन्स सभेंत गेला, तेव्हां ज्या सभेनें त्यास आरोपी केलें होतें तीच टोप्या काढून उभी राहिली. १८१६ मध्यें त्यानें गांवचें चर्च नव्यानें बांधून काढलें. आजोबा ज्या वेदीपाशीं उभा राहून दरिद्री झाला ती वेदी नातवानें सावरली, एवढें समाधान त्यानें मिळविलें. २२ ऑगस्ट १८१८ रोजीं पंचाऐंशीव्या वर्षीं तो वारला. आदल्याच वर्षीं नोव्हेंबरांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें होतें.

वतनाची ओढ ज्यास एवढी, त्यास त्या वतनाचा वारस मात्र नव्हता. पहिल्या लग्नाचीं मुलें लहानपणींच गेलीं. दुसरी पत्नी मेरियन इजपासून मूल झालें नाहीं. तिनें १८३७ पर्यंत घर सांभाळलें. त्यामागें तिच्या पहिल्या नवऱ्याचा मुलगा, जनरल सर चार्ल्स इम्होफ, मालक झाला. तो १८५३ च्या फेब्रुवारींत मेला आणि ऑगस्टमध्यें लिलांव पुकारला गेला. चित्रें, पुस्तकें, पोर्सेलीन, हस्तिदंती खुर्च्या, सारें क्रमांक लावून निरनिराळ्या हातीं गेलें. त्यांपैकीं कांहीं आसनें संग्रहालयांत पाहावयास मिळतात. वाडा व मॅनर हार्मन ग्रिजवूड नांवाच्या धनिकानें घेतला. १७१५ नंतर १७८८, आणि १७८८ नंतर १८५३: हेस्टिंग्ज नांवाकडे डेल्सफर्ड दुसऱ्या खेपेस राहिलें तें उणींपुरीं पन्नास वर्षें, तींही विधवेचीं धरून. ग्रिजवूडनें थोड्याच वर्षांत हेस्टिंग्जचें चर्च पाडून पिअर्सन या शिल्पज्ञाकडून नवें बांधविलें. आवारांतील दगडी कलशाखालचें थडगें तेवढें राहिलें. त्यावर बिरुदावली कांहींच नाहीं, नांव आणि १८१८ हा आंकडा आहे.

पुढच्या विक्र्यांत आपणांस फारसा रस नाहीं. १९४६ मध्यें ‘डेली मेल’चे मालक लॉर्ड रॉदरमिअर यांनीं वाडा घेऊन मोठ्या प्रेमानें सुधारला, नंतर यूरोपांतील एका पोलादाच्या कुबेरानें तो घेतला, आणि १९८८ पासून तो यंत्रें बनविणाऱ्या एका इंग्रज उद्योगपतीच्या कुटुंबाकडे आहे. आवारांत रासायनिक खतांवांचून शेती होते आणि तेथील दूध, चीज व भाज्या ‘डेल्सफर्ड’ या छापाखालीं लंडनच्या उंची दुकानांत विकल्या जातात. डेव्हनपोर्टचें नारिंगांचें कांचगृह अजून उभें आहे.