करडे गावचा बहिष्कार : जमीन, न्यायासन आणि पोलिस (१८७४-७५)

इनामगावचे नाव विद्वज्जनांस परिचित झाले ते घोड नदीकाठच्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीमुळे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे केलेल्या उत्खननात घरांच्या जमिनी, धान्याची कोठारे आणि पाण्यासाठी खणलेला कालवा उजेडात आला. कागदपत्रांवर विसंबणाऱ्या इतिहासाभ्यासकाचे लक्ष मात्र त्याच शिरूर तालुक्यातील करडे या गावाने वेधून घ्यावे. १८७५ मधील ज्या घटनांना 'दख्खनचे दंगे' म्हणण्याचा प्रघात आहे, त्यांचा आरंभ सुपे येथील जाळपोळीत नसून करडे येथील बहिष्कारात आहे, आणि या दोन घटना एकाच जातीच्या नव्हेत, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

१८७४ च्या डिसेंबरात काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुख या प्रतिष्ठित घराण्यातील ऋणकोवर अवघ्या दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्याची बजावणी केली. त्यात देशमुखांचे राहते घर त्याच्या हाती गेले आणि तो ते पाडावयास निघाला. ही गोष्ट गावाच्या जिव्हारी लागली. गावकऱ्यांनी ठराव केला तो साधा होता. मारवाड्याच्या दुकानी माल घेऊ नये, त्याच्या शेतात राबू नये, न्हाव्याने त्याची हजामत करू नये, पाणक्याने त्याचे पाणी भरू नये. हा क्रम इतका कडक पाळला गेला की, अखेरीस मारवाडी कुटुंबांना पोलिसांच्या बंदोबस्तात तालुक्याच्या ठिकाणी, शिरूरला, हलावे लागले. पाहता पाहता आसपासच्या गावांनीही तोच मार्ग धरला.

आता प्रश्न असा की, हुकूमनामे तर पूर्वीही होत होते. मग या एकाच घराने एवढा क्षोभ का व्हावा? उत्तर जमिनीच्या हक्काच्या स्वरूपात शोधावयास हवे. पेशवाईत मिरासदार कर्जबाजारी होई, परागंदाही होई. पण त्याची मिरास सहसा बुडत नसे. बऱ्याच वर्षांनी परत येऊन त्याने आपल्या थळावर दावा सांगितला, तर गाव तो दावा ऐकून घेई. सावकार पिकाचा धनी होऊ शके. मातीचा धनी होणे त्याला दुर्घट होते. १८३६ साली इंदापुरापासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी जी पाहणी सुरू केली, तिने हे चित्र पालटले. सर्व्हे नंबर ज्याच्या नावावर तो खातेदार, आणि त्याचा हक्क विक्रीस मोकळा, ही व्यवस्था १८६५ च्या कायद्याने पक्की झाली. तीत १८५९ च्या मुदतीच्या कायद्याची भर पडली. साध्या रोख्याची मुदत तीन वर्षे. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा. परिणाम नेमका उलट. दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहिला जाई आणि निरक्षर कुणबी त्यावर नांगराची निशाणी करी. दावा लागला की तो कोर्टाकडे फिरकत नसे आणि निकाल एकतर्फी होई. न्यायासनापुढे कागद होता, कागदामागचा व्यवहार नव्हता.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाचे भाव चढले व सावकाराची थैली सैल झाली. युद्ध संपताच ती आवळली गेली. त्याच सुमारास तीस वर्षांचे जुने करार संपून सुधारलेले धारे आले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने (स्थापना १८७०) या वाढीविरुद्ध आवाज उठविला होता. सरकारने १८७४ च्या ऑक्टोबरात वाढीला मर्यादा घातली खरी, पण तोवर वेळ निघून गेली होती.

करड्याच्या बहिष्कारापुढे पोलिस हतबल का ठरले, हाही विचार करण्याजोगा मुद्दा आहे. १८६७ च्या दोन कायद्यांनी मुंबई इलाख्यातील जिल्हा पोलिस आणि ग्राम पोलिस यांची घडी बसविली होती. दुसऱ्या कायद्यान्वये गावच्या शांततेची जबाबदारी पोलिस पाटलावर होती. परंतु हजामत न करणे हा गुन्हा नव्हे, दुकानात न जाणे हाही नव्हे. शिवाय पाटील गावचाच. सरकारला सावकाराच्या गाड्यांना पहारा पुरविता आला. गावाला सावकाराशी व्यवहार करावयास लावता आले नाही.

सुप्याने हा पेच सोडविला, पण सरकारच्या सोयीचा. १२ मे १८७५, बाजारचा दिवस. जमलेल्या लोकांनी मारवाडी-गुजरांची दुकाने व घरे लुटली, खतपत्रे जाळली, एक घर पेटविले. तेथून हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. रोखे निमूटपणे हवाली केले तेथे बहुधा पुढे काही घडले नाही. फौज आली, गावोगाव पोलिसांची ठाणी बसली. ९५१ जणांना अटक झाली व त्यांतील ५०१ जणांना शिक्षा झाल्या. बहिष्काराला कलम नव्हते, जाळपोळीला होते. त्यामुळे दप्तरात दोहोंची नोंद 'दंगा' या एकाच सदराखाली झाली, आणि आपणही ते नाव बिनतक्रार उचलले. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये या प्रकरणाचे महत्त्व फुगविले गेल्याचे प्रतिपादन केले. जाळपोळीपुरते ते मान्य करता येईल. बहिष्काराला ती मोजपट्टी लागू पडत नाही.

अर्थात बहिष्काराचे उदात्तीकरणही इष्ट नव्हे. इंदापूर तालुक्यातील कळस गावचे समापत्र आयोगापुढे आले होते. गुजरांची शेते करील किंवा त्यांची चाकरी करील त्याला न्हावी वगैरेंची सेवा मिळणार नाही, असा त्याचा आशय. म्हणजे शिक्षेचा रोख सावकाराइतकाच गावच्या गरीब मजुरावर होता. ज्याचे पोट त्या चाकरीवर होते, त्याची संमती कोणी विचारली असेल असे वाटत नाही.

चौकशी आयोगाच्या बहुमताने दोष मुख्यत्वे कर्जबाजारीपणावर व कायद्याच्या कारभारावर ठेवला. सदस्य ऑकलंड कॉल्व्हिन यांनी मात्र सरकारी धाऱ्याकडे बोट दाखविले. १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला. कर्जाचे हप्ते बांधून देता येऊ लागले. स्पष्टपणे गहाण दिली नसेल ती जमीन साध्या कर्जापायी विकण्यास बंदी झाली. हा शेवटचा नियम म्हणजे मिरासीच्या जुन्या कल्पनेचे इंग्रजी कायद्यात झालेले अर्धेमुर्धे पुनरागमनच होय. सावकारांनी पुढे गहाणखत आणि खरेदीखत यांचा आश्रय घेतला, हा निराळा विषय आहे.

करड्याच्या लोकांनी आपल्या ठरावाचा अर्थ काय लावला असेल, हे आज आपण अधिकाऱ्यांच्या अहवालांतूनच वाचतो. कळसच्या समापत्रात गावाचा स्वतःचा शब्द ऐकू येतो, पण तोही आयोगाच्या कागदांतील इंग्रजी भाषांतराच्या आडून.