मार्ज व्हर्सेस द मोनोरेल

‘द सिम्प्सन्स’ या अमेरिकी ॲनिमेटेड विनोदी मालिकेच्या चौथ्या पर्वातील बारावा भाग. फॉक्स वाहिनीवर 14 जानेवारी 1993 रोजी प्रथम प्रक्षेपित. लेखन कोनन ओब्रायन, दिग्दर्शन रिच मूर. पाहुणे कलाकार लेनर्ड निमॉय व फिल हार्टमन. जुनी संगीत नाटके, दूरचित्रवाणी मालिका आणि चित्रपट यांच्या संदर्भांची दाट वीण हे या भागाचे मुख्य वैशिष्ट्य असून मालिकेच्या सर्वोत्तम भागांमध्ये त्याची गणना होते.

कथानक : अणुवीज प्रकल्पाचे मालक मिस्टर बर्न्स किरणोत्सारी कचरा सार्वजनिक बागेत लपवताना पकडले जातात आणि त्यांना 30 लाख डॉलर दंड होतो. हा पैसा कसा खर्चावा यासाठी स्प्रिंगफील्ड गावाची सभा भरते. मुख्य रस्ता दुरुस्त करावा, ही मार्ज सिम्प्सनची सूचना मान्य होण्याच्या बेतात असतानाच लाइल लॅन्ली हा फिरता विक्रेता सभेत उठतो आणि गाणे म्हणत गावाला मोनोरेल विकून टाकतो. मार्जचा नवरा होमर तिचा चालक होतो. मार्जला लॅन्लीच्या वहीत पैसे घेऊन पळून जाणाऱ्या लॅन्लीचेच चित्र सापडते. ती नॉर्थ हॅव्हरब्रुक या गावी जाते. त्याच माणसाने तेथेही मोनोरेल विकलेली असून गाव उजाड झालेले असते. तेथे भेटलेल्या सेबॅस्टियन कॉब या अभियंत्याला घेऊन ती परतते, तोवर पहिल्या फेरीवर निघालेली गाडी बेफाम सुटलेली असते. नांगर हवा, असे कॉब सांगतो. होमर गाडीवरचे ‘एम’ हे भलेमोठे अक्षर उखडून दोराला बांधून खाली सोडतो. ते एका दुकानावरील अवाढव्य डोनटमध्ये अडकते आणि गाडी थांबते.

निर्मिती : ओब्रायन 1991 ते 1993 या काळात मालिकेच्या लेखकवर्गात होते. लॉस एंजेलिसमध्ये केवळ ‘मोनोरेल’ एवढाच शब्द असलेला एक जाहिरात फलक पाहून ही कल्पना सुचल्याचे त्यांनी सांगितले आहे. घरगुती प्रसंगांवर उभ्या असलेल्या मालिकेला ही गोष्ट फारच अचाट वाटेल, अशी शंका वरिष्ठ लेखकांना होती. मात्र भाग प्रसिद्ध झाला तो याच अचाटपणामुळे. त्याच वर्षी ओब्रायन यांनी एनबीसी वाहिनीवरील ‘लेट नाइट’ या गप्पांच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन हाती घेतले. मूर यांनी पुढे ‘रेक-इट राल्फ’ (2012) दिग्दर्शित केला आणि ‘झूटोपिया’ (2016) या चित्रपटाचे सहदिग्दर्शन केले.

‘द म्युझिक मॅन’ : भागाचा सांगाडा मेरेडिथ विल्सन यांच्या या संगीत नाटकावरून घेतला आहे. ते 1957 मध्ये ब्रॉडवेवर आले आणि 1962 मध्ये त्यावर चित्रपट निघाला. त्यात हॅरल्ड हिल हा ठकसेन 1912 च्या सुमारास आयोवा राज्यातील एका गावात येतो. मुलांचे वाद्यवृंद काढून देण्याच्या थापा मारून तो वाद्ये व गणवेश विकतो. लॅन्लीची स्ट्रॉ हॅट आणि बो टाय, जमावाला एकेका प्रश्नाने कह्यात घेण्याची लकब आणि अर्धे बोलत अर्धे गात विक्री करण्याची शैली हे सारे हिलचेच आहे. मोनोरेलचे गाणे हे नाटकातील ‘या गॉट ट्रबल’ या गाण्याच्या धर्तीवर रचलेले आहे.

ओब्रायन यांनी मूळ गोष्ट फिरवली ती तीन ठिकाणी. हिल गावकऱ्यांना भीती घालतो. गावात बिलियर्डसारख्या खेळाचे टेबल आले, आता तरुण पोरे बिघडणार, असे तो सांगतो. लॅन्लीला भीती दाखवण्याची गरजच पडत नाही. ही कल्पना तुमच्यापेक्षा शेल्बीव्हिलच्या लोकांना शोभेल, एवढे त्याने म्हणताच शेजारच्या गावाच्या ईर्ष्येने सभा पेटते. नाटकातील ग्रंथपाल मॅरियनला हिलच्या खोटेपणाचा पुरावा मिळतो, पण तो ती दडवते. मार्ज मात्र पुरावा घेऊन थेट दुसऱ्या गावापर्यंत जाते. तिसरा बदल शेवटाचा आहे. प्रेमात पडून हिल सुधारतो, तर लॅन्ली ताहितीचे विमान पकडतो. ते विमान वाटेत नॉर्थ हॅव्हरब्रुकला थांबते आणि फसवले गेलेले गावकरी त्याचा समाचार घेतात. मूळ नाटक ठकसेनाला माफ करते. हा भाग त्याला आणि त्याच्यावर भाळणाऱ्या जमावाला, दोघांनाही सोडत नाही.

‘द फ्लिंटस्टोन्स’ : प्रारंभीच्या प्रसंगात होमर कामावरून सुटताच फ्रेड फ्लिंटस्टोनच्या थाटात घसरत बाहेर येतो, त्या मालिकेच्या शीर्षकगीताच्या चालीवर स्वतःबद्दल गातो आणि मोटार झाडावर आदळतो. ‘द फ्लिंटस्टोन्स’ ही 1960 ते 1966 या काळात एबीसी वाहिनीवर रात्रीच्या मुख्य वेळेत चाललेली ॲनिमेटेड मालिका होती. घर, नोकरी आणि धांदरट नवरा हा तिचा ऐवज ‘द सिम्प्सन्स’ने पुढे चालवला, म्हणून हे विडंबन पूर्वसुरींना केलेला नमस्कारही ठरते. फेब्रुवारी 1997 मध्ये आपल्या 167 व्या भागाने ‘द सिम्प्सन्स’ने ‘द फ्लिंटस्टोन्स’चा 166 भागांचा विक्रम मोडला.

‘स्टार ट्रेक’ : उद्घाटनाचे मानकरी म्हणून निमॉय स्वतःच्याच भूमिकेत येतात. ‘स्टार ट्रेक’ (1966–69) या मालिकेतील स्पॉक या पात्रामुळे ते जगप्रसिद्ध होते. महापौर क्विम्बी त्यांचे स्वागत करताना ‘स्टार वॉर्स’मधील शुभेच्छा देतात. दोन वेगळ्या कलाकृतींची ही सरमिसळ चाहत्यांना नेमकी झोंबणारी आहे. गाडी सौरऊर्जेवर चालणारी असल्याने सूर्यग्रहणात ती क्षणभर थांबते. सुटकेचा तो क्षण ग्रहण सरताच निसटतो, आणि निमॉय विश्वाच्या गतीविषयी गंभीर चिंतन ऐकवत बसतात. संकट टळल्यावर आपले काम झाले असे सांगून ते ‘स्टार ट्रेक’मधील प्रवाशांप्रमाणे झगमगत अदृश्य होतात. वास्तविक त्यांनी काहीच केलेले नसते, ही बाब होमरचा मित्र बार्नी तेथेच बोलून दाखवतो.

या भूमिकेसाठी आधी ‘स्टार ट्रेक’मधीलच जॉर्ज टाकेई यांना विचारले होते. त्यापूर्वी 1991 मधील एका भागात त्यांनी आवाज दिला होता. मात्र ते दक्षिण कॅलिफोर्नियातील सार्वजनिक वाहतूक मंडळाच्या संचालक मंडळावर राहिलेले असल्याने सार्वजनिक वाहतुकीची चेष्टा त्यांना रुचली नाही आणि त्यांनी नकार दिला. निमॉय 1997 मधील ‘द स्प्रिंगफील्ड फाइल्स’ या भागात पुन्हा आले.

चित्रपटांचे संदर्भ : न्यायालयात मिस्टर बर्न्स यांना तोंडावर मुखवटा चढवून, ढकलगाडीला जखडून आणले जाते. हे ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ (1991) या चित्रपटातील हॅनिबल लेक्टरचे रूप आहे. कचरा लपवणाऱ्या जर्जर म्हाताऱ्याला नरभक्षक खुन्याचा बंदोबस्त, या विसंगतीतून विनोद साधतो. उत्तरार्धाची घडण ‘द टॉवरिंग इन्फर्नो’ (1974) सारख्या संकटपटांची आहे. तसल्या चित्रपटांतही थाटाचे उद्घाटन, नामवंत पाहुणे, निकृष्ट सामग्री आणि अडकलेली गर्दी याच क्रमाने येतात.

अन्य तपशील : लॅन्लीला आवाज देणारे हार्टमन हे मालिकेतील ट्रॉय मॅक्ल्युअर व लायोनेल हट्झ या पात्रांचेही आवाज होते. 1998 मध्ये त्यांच्या निधनानंतर ही दोन्ही पात्रे निवृत्त करण्यात आली. आधीच्या ‘कर्नल होमर’ (1992) या भागातील गायिका लर्लीन लम्पकिन येथे उद्घाटनाच्या गर्दीत ओझरती दिसते. या खेपेस तिचा आवाज बेव्हर्ली डीअँजेलो यांचा नसून डोरिस ग्राउ यांचा आहे. शेवटच्या निवेदनात मार्ज गावाच्या पुढल्या खुळांची यादी देते : आइस्क्रीमच्या काड्यांची गगनचुंबी इमारत, 50 फुटी भिंग आणि कोठेच न जाणारा सरकता जिना.

स्वागत व प्रभाव : सुरुवातीचे मत एकमुखी नव्हते. मार्ज-होमरची मुलगी लीसा हिला आवाज देणाऱ्या यर्डली स्मिथ यांनी 1995 मधील एका मुलाखतीत हा मालिकेच्या अत्यंत वाईट भागांपैकी एक असल्याचे म्हटले होते. कालांतराने पारडे फिरले. सप्टेंबर 2014 मध्ये लॉस एंजेलिसच्या हॉलीवूड बोल येथे झालेल्या मालिकेच्या रंगमंचीय सोहळ्यात ओब्रायन यांनी मोनोरेलचे गाणे स्वतः सादर केले. इंग्रजीभाषक देशांत खर्चीक व दिखाऊ वाहतूक प्रकल्पावर वाद सुरू झाला की या भागाचा दाखला दिला जातो. सिॲटलमधील मोनोरेल विस्ताराची योजना मतदारांनी 2005 मध्ये फेटाळली आणि सिडनीची 1988 ची मोनोरेल 2013 मध्ये बंद झाली. अशा प्रसंगी टीकाकारांना लॅन्लीचे नाव आयतेच सापडते.

या भागातील संदर्भ ओळखता आले तर रंगत वाढते, पण न ओळखता आल्याने गोष्ट अडत नाही. ‘द म्युझिक मॅन’ कधीही न पाहिलेल्या प्रेक्षकालाही लॅन्ली हा भामटा आहे हे त्याच्या पहिल्या वाक्यातच कळते. संदर्भांची नुसती रास रचणाऱ्या पुढच्या अनेक ॲनिमेटेड मालिकांपेक्षा हा भाग सरस ठरतो तो याच कारणाने.